पहिली ओटी

गावात महेश्वरीला पाठीमागं ‘भट्टी’ म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. नाव तसं रास्तच होतं. एक तर येरमाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला तिची खव्याची भट्टी होती, आणि दुसरं म्हणजे तिच्याशी वाकडं बोलायला गेलं की चटका बसायचाच. तिला हे नाव ठाऊक होतं. “भट्टी हाय म्हणून तुमच्या पेढ्याला खवा मिळतोय,” असं एकदा ग्रामपंचायतीसमोर उभं राहून तिनं सगळ्यांना ऐकवलं होतं.

तिचं माहेर सोनारीचं. लग्न होऊन आली तेव्हा भट्टी नवऱ्याची, कुलदीपची होती, आणि ती नुसती लाकडं पुढं करायची. मुलगी हर्षाली पाचवीत असताना कुलदीप दुचाकीवरून कळंबला निघाला आणि वाटेत ट्रकखाली गेला. दहाव्याला बायकांनी महेश्वरीच्या बांगड्या फोडल्या. ती भानावर नव्हती म्हणून फोडू दिल्या. पुढच्या बाजारी ती कळंबला गेली, फातिमाबीच्या बांगड्यांच्या दुकानात बसली आणि दोन्ही हात पुढं केले. फातिमाबीला सगळं माहीत होतं. तिनं काही विचारलं नाही, एवढंच म्हणाली, “हात असा ताठ करू नको बेटी, ढिला सोड.” महेश्वरी गावात उतरली ती हिरव्या बांगड्या वाजवत. टिकलीही तिनं काढली नाही. महिनाभर गावानं तोंडसुख घेतलं, मग गावाला दुसरा विषय मिळाला.

भट्टी तिनं सोडली नाही. दुधाची कढई चढवायची, उलथणं फिरवत राहायचं, धुरानं डोळे चुरचुरले तरी हात थांबवायचा नाही. हर्षाली शेजारी बसून अभ्यास करायची आणि गायची. कढईचा खरखराट आणि रस्त्यावरच्या गाड्या, या सगळ्यावरून आवाज जायचा तर तो मोकळाच सोडावा लागायचा. पोरीचा गळा असा त्या भट्टीवरच उघडला. दहावीच्या वर्षी शाळेच्या संगीत नाटकात व्यंकट सरांनी तिला देवीचं काम दिलं.

हे नाटक साधं नव्हतं. ‘माळावरची आई’ हे सरांनी स्वतः लिहिलेलं, चाली त्यांच्याच, पेटीवर तेच. दरसाल स्नेहसंमेलनात व्हायचं. पहिल्या वर्षी एक गंमत झाली होती. देवी झालेली पोरगी मळवट भरून रंगमंचावर आली आणि प्रेक्षकांतली एक म्हातारी हात जोडून उठली. नाटक बिटक तिला काही नव्हतं, समोर देवी उभी होती. तिनं वर चढून ओटी भरली. तिच्यामागं दुसरी उठली, मग रांगच लागली, आणि शेवटचा अंक राहिला तो राहिलाच. सर त्या दिवशी डोक्याला हात लावून बसले. पण माणूस शहाणा, पुढच्या वर्षी त्यांनी ओटीच नाटकात घातली. शेवटच्या गाण्याला देवी पदर पसरते आणि गावच्या बायका ओटी भरतात. पहिली ओटी पोरीच्या आईची. तो मान असा ठरूनच गेला.

आता यंदाची देवी हर्षाली, आणि तिची आई विधवा. विधवेनं ओटी भरायची नसते, हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

पहिल्यांदा आली ती धाकटी जाऊ, निकिता. शाळेच्या समितीवर होती, चांगली शिकलेली होती, बोलणं गोड. भट्टीपासून जरा लांबच उभी राहून म्हणाली, “अक्का, पहिली ओटी म्या भरते. काकू म्हणजे आईच की. उगं चारचौघांत बोलणी नकोत.”

“आई मेली का तिची?”

“तसं न्हाय ओ अक्का...”

“मग कसं?”

निकिता गेली, पण गावातलं बोलणं थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी महेश्वरी स्वतःच शाळेत गेली. व्यंकट सर पेटीचा भाता साफ करत होते.

“सर, ‘कोण राहिली मागं, तिला पुढं आणा गं’, ही ओळ तुमचीच ना?”

“माझीच. का ओ?”

“कुणासाठी लिवली?”

सरांचा हात भात्यावरच राहिला. “ताई, माझी काही हरकत नाही. पण बायका म्हणतात, तुम्ही चढलात तर आम्ही ओटीला येणार नाही. मग समिती म्हणणार, देवी बदला. एवढं गाणारी पोरगी माझ्याकडं दुसरी नाही. माझं ऐका, एवढा एक दिवस जाऊ द्या.”

महेश्वरी घरी आली ती धुमसतच. सासू तुळजाबाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा नवरा तर ऐन तरुणपणी गेलेला. तेव्हापासून लग्न असो, डोहाळजेवण असो, त्या भिंतीच्या कडेला बसत आल्या होत्या. सुनेवर त्यांचा राग नव्हता, पण सुनेचं असं पुढं पुढं जाणं त्यांना झेपत नव्हतं. “आपलं मागं बसायचं असतंय,” त्या म्हणाल्या. “म्या बसले न्हाय का जन्मभर?”

“बसलात. तुमचं चांगलं झालं का आत्याबाई?”

तुळजाबाई शेंगा फोडत राहिल्या.

महेश्वरी गावाशी भांडली असती, समितीशी भांडली असती, निकिताची तर तिनं धडगत ठेवली नसती. पण संध्याकाळी हर्षाली भट्टीजवळ येऊन बसली आणि खाली बघत म्हणाली, “आई, तू वर येऊ नको. मला गायचंय. काम काढून घेतलं तर मी काय करू?”

हे मात्र महेश्वरीच्या जिव्हारी लागलं. बाहेरच्यांनी बोटं दाखवली तर ती मोडून हातात देता येतात, पोटची पोरगी बोलली तर काय करायचं? तिनं कढईचा तळ उलथण्यानं खरवडला. मग म्हणाली, “न्हाय येत. शब्द देते. पण ओटी घेऊन येणार, आणि पुढं बसणार. तेवढ्यावर कुणाचं काय चालायचं न्हाय.”

स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिनं दळणाला न्यायची पिशवी काढली आणि तिच्यात पायलीभर तरी गहू ओतले, वर नारळ, खण आणि हळदीकुंकवाची पुडी ठेवली. हर्षाली आरशासमोर होती. महेश्वरीच्या लग्नातली हिरवी साडी तिला नऊवारीसारखी नेसवली होती. ती वळून बघतच राहिली.

“एवढे गहू? अन् तू तर वर येणारच न्हाईस.”

“लागतील,” महेश्वरी म्हणाली. कशाला लागतील ते तिलाही ठाऊक नव्हतं. हात थांबला नव्हता एवढंच.

ऊन उतरलं तसं शाळेचं मैदान भरलं. बायका पुढं ताडपत्रीवर, पुरुष कडेला, आणि विधवा बायका रिवाजाप्रमाणं मागच्या भिंतीला. तुळजाबाई तिथंच जाऊन टेकल्या आणि सुनेसाठी शेजारी जागा धरली. महेश्वरीनं ती पाहिली आणि सरळ पुढं जाऊन पहिल्या ओळीत मांडी ठोकली. पुढची ताडपत्री काही कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेली नव्हती. शेजारच्या दोघी जरा सरकल्या. हिनं मोकळ्या झालेल्या जागेत पिशवी ठेवली.

पडदा उघडला. हर्षाली माळावरच्या देवळाच्या चित्रासमोर उभी होती, मळवट भरलेला, हातात पुठ्ठ्याचा त्रिशूळ. तिनं पहिला सूर लावला आणि मैदानातली कुजबुज बंद झाली. माईक नसता तरी चाललं असतं. महेश्वरीला सगळं नाटक पाठ होतं, तिचे ओठ आपोआप हलत होते. ऊर भरून आला होता आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापड होत होता, की हा गळा आपल्या धुरात पिकला, तो गावाला चालतो, आपण चालत नाही. कुलदीपची आठवण आली. तो असता तर शिट्टी मारून बायकोची लाज काढली असती.

शेवटचं गाणं आलं.

‘माळावरची आई मी गं, माझं दार उघडं गं,
कोण राहिली मागं, तिला पुढं आणा गं.’

निकिता जरीची साडी सावरत, ताट घेऊन वर चढली. आता देवीनं पदर पसरायचा. हर्षालीनं पदर घेतला आणि कमरेला घट्ट खोचला.

लोकांना वाटलं, पोरगी गडबडली. आतून कुणीतरी दबक्या आवाजात सांगितलं, “पदर पसर, पदर.” हर्षालीनं तीच ओळ पुन्हा धरली. ‘कोण राहिली मागं, तिला पुढं आणा गं.’ सरांना पेटी वाजवत राहणं भाग पडलं. निकिता हसून पुटपुटली, “अगं पसर की.” देवी तिच्या डोक्यावरून पहिल्या ओळीकडं बघत होती. ओळ पुन्हा आली. मैदानात चुळबुळ सुरू झाली. व्यंकट सरांनी मान वर केली, हर्षाली कुठं बघतेय ते पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली. पेटी थांबली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण त्यांनी भाता जोरात ओढला. ढोलकीवाल्यानंही थाप वाढवली.

महेश्वरी जागची हलली नाही. शब्द दिला होता. पिशवीचे बंद तिनं इतके आवळले होते की बोटं पांढरी पडली. पोरगी काय करतेय ते तिला कळत होतं, आणि काम गेलं तर पोरीचं काय होईल हेही कळत होतं.

मग हर्षालीनं ओळच बदलली. सरांनी न लिहिलेले शब्द तिनं त्याच चालीत बसवले.

‘पुढं बसली आई माझी, तिची वाट बघते गं.’

महेश्वरी उठली. मागून एकीनं साडी धरली, “खाली बस गं, शोभतं का?”

“मला काय सांगता?” महेश्वरी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी कडाडली. “देवी बोलावतीय. तिला सांगा!”

देवीला सांगायला कुणी उठलं नाही. महेश्वरी पिशवी उचलून बांगड्या वाजवत पायऱ्या चढली. निकिताशेजारी येऊन उभी राहिली तेव्हा हर्षालीनं कमरेचा पदर सोडला आणि दोन्ही हातांनी पसरला. लग्नातला तो हिरवा पदर महेश्वरीनं कितीतरी वर्षांनी असा उघडलेला पाहिला. तिनं मळवटावर हळदीकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं गहू घातले. ओंजळ इतकी भरलेली की दाणे पदराबाहेर उडाले.

“आई, गहू सांडतायत,” देवी हळूच म्हणाली.

“सांडू दे,” महेश्वरी म्हणाली आणि दुसरी ओंजळ घातली. मग जावेकडं वळली. “ये निकिता. पदर पसरलाय आता. भरणार असशील तर भर, न्हाईतर ताट घेऊन उतर.”

निकितानं एकदा खाली बायकांकडं बघितलं, एकदा देवीकडं. समितीची बाई होती, पण जाऊही होती. तिनं मान खाली घालून ओटी भरली. त्यानंतर मात्र कुणी पुढं येईना. ताटं मांडीवर तशीच होती, बायका एकमेकींकडं बघत होत्या.

तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी हालचाल झाली. तुळजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठत होत्या. ताडपत्रीवरून, बसलेल्या बायकांच्या मधून वाट काढत त्या सावकाश पुढं आल्या. लोकांना वाटलं, सासू आता सुनेला हाताला धरून खाली उतरवणार. महेश्वरीलाही तेच वाटलं. तिनं हनुवटी वर केली आणि पाय घट्ट रोवून उभी राहिली.

तुळजाबाई पायरीशी थांबल्या. वर नातीकडं बघितलं, मग सुनेकडं, आणि रिकामे हात पुढं केले.

“म्या काय आणलं न्हाय गं,” त्या म्हणाल्या. “मालक व्हते तवा शेवटची भरली व्हती. देतीस का मूठभर?”

महेश्वरी रंगमंचाच्या कडेला आली. ती पायरीवर बसली, दळणाची पिशवी मांडीवर घेतली आणि तिचं तोंड पुरतं उघडलं.

“मूठभर कशाला आत्याबाई,” ती म्हणाली, “ओंजळ करा. अन् त्या भिंतीच्या सगळ्याजणींना हाक मारा. लई आणलेत.”