काळा दोरा

उन्हात तापलेल्या कापसाचा वास आला की माझे पाय अजून शिवशिवतात. पहिल्या खेपेला पोटुशी होते तेव्हा संध्याकाळी जरा टेकले, की पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखं व्हायचं. पाय हलवल्याशिवाय राहवत नसे. सासूबाईंनी बाहेरची बाधा ठरवून दोन्ही पाय काळ्या दोऱ्यानं एकत्र बांधले. अंगणात नवरा खामगावला न्यायचा कापूस बैलबंडीत तुडवत होता. मी दोरा तोडला आणि बंडीत चढले. "उतर! लेकराले काई झालं तं?" सासूबाई ओरडल्या. "अन् मले होऊन राह्यलं ते?" म्हणत मी पाय निवेपर्यंत कापूस तुडवला. परवा गरोदर नातसुनेचेही पाय तसेच वळवळू लागले, तर सुनेनं तसाच दोरा आणला. तो मी चुलीत घातला आणि नातसुनेला म्हटलं, "चाल वं पोरी, फिरून येऊ."