कपारीतला फिकट हात

पोलादपुरात मी शाळामास्तर होतो तेव्हाची गोष्ट. मला एकच वेड होतं आणि ते पुण्याहून टपालाने येणाऱ्या एका मासिकाने लावलं होतं. युरोपातल्या गुहांत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली चित्रं सापडली. ती त्यांनी कशासाठी काढली असतील, असा त्यात लेख होता. शिकार साधावी म्हणून केलेला तो मंत्रतंत्राचा प्रकार, असं लेखकाचं म्हणणं. मी तो लेख इतक्या वेळा वाचला की बायको म्हणाली, "एवढं लक्ष घरात घातलंत तर माळ्यावरचे उंदीर तरी कमी होतील."

महाडची लेणी सगळ्यांना ठाऊक. त्यांत माझ्या वाट्याला काय येणार? मला स्वतःचं काहीतरी हवं होतं. ते घाटाच्या बाजूला, एका धनगरवाड्याच्या वर मिळालं. डोंगराच्या पोटात खोल कपार, पावसाचा थेंब आत येत नसे. भिंतीवर तांबडे पंजे, आणि शेजारी एक जनावर. रानगवा, असं मी पाहताक्षणी ठरवून टाकलं.

महिनाभर दर रविवारी गेलो आणि तीन पानी लेख खरडला. मासिकाला सोबत एक नक्कल धाडायची, म्हणून पंजांतला सर्वांत फिकट निवडला. फिकट म्हणजे जुना, हे माझं शास्त्र. पंजा लहानसा होता. त्या काळची माणसंच लहान असतील, हेही लिहून मोकळा झालो होतो. रेषा उठून दिसाव्यात म्हणून ओलं फडकं फिरवलं आणि पतंगाचा पातळ कागद वर दाबला. कागद सोलला, तर सगळा रंग कागदावर आला होता. भिंतीवर नुसता ओला डाग. जरा वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आनंदच जास्त झाला. अस्सल ठसा हाती लागला होता! हजारो वर्षं टिकलेला रंग एका फडक्याने कसा सुटला, हा प्रश्न मास्तरच्या डोक्यात आला नाही.

खाली वाड्यावरची एक धनगरीण मला नेहमी ताक देई. तिच्या ओट्यावर मी कागद पसरला. कौतुक व्हावं, एवढाच हेतू.

"ह्यो कुठनं आणलात, मास्तर?"

"वरच्या कपारीतला. फार जुना आहे. तुमच्या-आमच्या खापरपणज्यांच्याही आधीचा."

ती कागदावर वाकली, बोटं न्याहाळली. मग म्हणाली, "माज्या पोरीचा हाय."

दिवाळीच्या पाडव्याला गुरं गेरूने रंगवून झाली की तिच्या घरातलं प्रत्येक माणूस कपारीत जाऊन आपल्याच जुन्या ठशावर पुन्हा हात उठवी. दुपारची गुरं तिथे बसत. "आमी जवळ नसलो तरी गुरांवर घरातल्या सगल्यांचा हात ऱ्हातो," ती म्हणाली. पोर तापाने गेली त्याला तीन पाडवे झाले होते. तिच्या ठशावर हात ठेवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो फिका.

"आणि तो गवा?" हे मी त्या वेळी का विचारलं, देव जाणे.

"कसला गवा? म्हस हाय ती आमची. पोरीनंच काढली. शिंग मोडकं दिसत नाय काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलांना चूक कबूल करायला शिकवणारा मी, पण कबुली द्यायची सोडून कागद तिच्यापुढे सरकवला. तिने हात लावला नाही.

"अंगठा हिकडं कसा?" ती म्हणाली. "तिचा उजवा हात होता."

मी कागद उचलून उलटा केला आणि उजेडाकडे धरला. तांबडा ठसा आरपार दिसला, अंगठा आपल्या जागी आला. तेव्हा ती रडली.

कागद ठेवून घ्या म्हटलं, तर ऐकेना. "माज्या खोपीत धूर, पावसात पानी गलतंय. तुमच्या पेटीत ऱ्हाऊ दे, पर कुठं धाडू नका. आन् पाडव्याला घेऊन या. तुमी काढलात, तुमीच लावायचा."

घरी येऊन लेखाची तीन पानं बंबात घातली. त्या दिवशी पाणी चांगलं तापलं, असं बायको म्हणाली.

पाडव्याला गेलो. ती, तिचा नवरा, दोन मुलगे, सगळ्यांनी गेरूत बुडवून हात उठवले. तिने ती मोकळी जागा बोटाने दाखवली. मी रंगाची बाजू आत करून कागद भिंतीशी धरला. "जरा खाली, मास्तर. तेवढी उंच नव्हती ती." मी खाली घेतला. सगळ्यांचे हात वाळेपर्यंत तसाच धरून उभा राहिलो.

पुढे बढतीवर दूरच्या जिल्ह्यात बदली आली, ती नाकारली. दुसऱ्यांदा आली, तीही नाकारली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा पोलादपूरची हवा मानवते, असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर त्यांना हसू आलं असतं. पाडव्याला तो हात तिथे धरायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.