भैरूअण्णांनी अडवलेला नाका

भैरूअण्णा गेल्याचं मला दिग्गीच्या उतारावर कळलं. गुंदहून आलेला त्यांचा पुतण्या म्हणाला, "काका गेले. सकाळी पेज घेतली, आन् भिंतीला टेकले ते टेकलेच." मी वाटेतच बसलो. रडू आलं नाही... नुसता थकवा आला.

इंग्रजांच्या काळात अण्णा आमचे पुढारी. त्यांच्यामागून जंगलखात्याचा नाका जाळायला गेलो, तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. ते तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा रानात लपले. एकच सांगायचे, "आपलं राज्य येऊ दे, डोंगर आपलाच हाय."

राज्य आलं. पण नाका पुन्हा उभा राहिला, गार्डही तेच. डोंगरउतार भाजून नाचणी पेरायची आमची कुमरी इंग्रजांनी बंद केली होती, ती बंदच राहिली. मी न ऐकता पेरली, ती गार्डांनी उपटली. दुसऱ्या सकाळी आम्ही घासलेट घेऊन निघालो. अण्णा पुढं असणार याची खात्री होती. ते होतेही... नाक्याच्या दारात, आमच्याकडं तोंड करून.

"सरा, अण्णा."

"न्हाई. ह्यो आता आपला हाय."

"आपला हाय, तर माझी नाचणी कुनी उपटली?"

ते दारात आणखी घट्ट उभे राहिले. त्याचा मला असा राग आला की मी दगड मारला. भुवई फुटली. ते हलले नाहीत. लोकच परतले.

पुढं गाव त्यांना सरकारचा माणूस म्हणू लागलं आणि कचेरीत ते जाळपोळवालेच राहिले. निवडणुकीला उभं राहायला सांगणारे आले, त्यांना हात जोडले. लोकांचे जमिनीचे अर्ज लिहीत कारवारच्या कचेरीत खेपा घालत राहिले. काही घरांना जमीन मिळाली, पुष्कळांना नाहीच. मी त्यांच्याशी बोललो नाही. आधी रागानं, मग लाजेनं.

बाराव्यानंतर वहिनींनी, अण्णांच्या बायकोनं, मला घरी बोलावलं, कागदांची चवड पुढं ठेवली. "भावजी, ह्ये तुमच्या नावाचं हाय."

माझ्याच शेताचे अर्ज. सगळे अण्णांनी माझ्यातर्फे केलेले, सगळे नामंजूर. शेवटच्यावर शेरा होता, अर्जदारानं स्वतः हजर व्हावं. त्याखाली एक नवा अर्ज, अण्णांच्या थरथरत्या अक्षरातला, सहीपुरती जागा सोडलेला.

"तुमास्नी बोलवायचं म्हणत हुते," वहिनी म्हणाल्या. "रोज म्हणायचे. धीर झाला न्हाई त्यास्नी."

मी तिथंच सही केली. आता कारवारला मलाच जायचं आहे.