सुलूच्या हातचा फेस

सुलू माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल चांगलं बोलायचं माझ्या जिवावर येतं, बाई! उत्तनजवळच्या डोंगरीची, मिठागरवाल्यांच्या घरातली. आमच्या मीरा रोडच्या घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई तिच्या हातच्या कालवणाला बोटं चाटायला लागल्या. माझी इतक्या वर्षांची आमटी एका दिवसात बेचव झाली.

गटातही ती आहेच. हाटकेशच्या गाळ्यात आमचा बचत गट भांड्यांचं लिक्विड, हँडवॉश, गाड्या धुवायचा शाम्पू बनवतो. सगळ्यांत एकच चिकट, पांढरट पेस्ट. फेस येतो तो तिचा. कपड्यांच्या पावडरीला मात्र काळपट, नाकाला झोंबणारी अ‍ॅसिड स्लरी लागते. मी क्लास लावून शिकले हे. सुलू नुसती बघून. आणि मासळीचे क्रेट धुवायला लिक्विड न्यायला उत्तनच्या बायका आल्या की काय म्हणणार? "सुलूवालं द्या." असा जळफळाट व्हायचा माझा!

परवा गटाच्या अध्यक्ष हंसाबेन म्हणाल्या, "गाळा आता एकीच्या हातात देणार. दोघी एकेक बादली बनवा. जिचं लिक्विड चांगलं, ती मुख्य." मला ते हवंच होतं. एकदा तरी हिच्या पुढे जायचं, बस्स!

पेस्ट दोघींना सारखीच मिळाली. ती पाण्यात विरघळवायची, मग मीठ घातलं की लिक्विड घट्ट होतं. माझं मस्त झालं. सुलूचं अजून पातळच होतं, कारण अर्धी पेस्ट ती नेहमी मागे ठेवते, नंतर अंदाजाने घालते. म्हटलं, आता असं घट्ट करते की हंसाबेन बघतच राहतील. ओतलं माझ्या बादलीत आणखी मीठ. अगं आई गं! ढवळता ढवळता बादलीचं पाणी झालं. डावातून नुसतं सुर्रकन ओघळत होतं. बाहेर हंसाबेनची रिक्षा थांबली. मला रडूच फुटलं.

सुलूने बादलीत डोकावलं. "ताई, मीठ जास्त झालाय. आता पेस्टच पायजे." आणि मागे ठेवलेली तिची सगळी पेस्ट माझ्या बादलीत घालून ती भराभरा ढवळायला लागली.

"अगं, आणि तुझं?"

"माझा ऱ्हाऊ दे. डोळं पुसा आधी."

हंसाबेननी दोन्ही बादल्यांत डाव बुडवून बघितला. माझं दाट, फेसही भरपूर. तिचं पाणीदार. "सुचेता, गाळा तुझा!" सगळ्यात जोरात टाळ्या कोणी वाजवल्या असतील? सुलूनेच, मेलीने!

घरी सासूबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. कधी नव्हे ते कौतुक केलं, आणि मला ती साखर गिळवेना. हरले असते तर निदान हक्काने जळले असते हो. आता जिंकलेय तेही तिच्याच पेस्टवर, आणि पूर्वीपेक्षा जास्त जळतेय.