चिंचेच्या कॉलात बसलेली सवारी

बाबाजान हा नगर स्टेशनवरचा टांगेवाला. घोड्याशी गोड बोलायचा, माणसांशी तिखट. दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या सालातली गोष्ट. त्याच्या लेकीला, शरिफाला, पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलाचा बाप मोहियोद्दीन तिथल्या चिंचेच्या अडतीत मापाडी. शरिफानं तीन दिवस विचार करून सकाळी होकार दिला. पण मुलाकडची माणसं त्याच दुपारी जामखेडला दुसरी मुलगी बघायला निघणार होती.

टांगेवाल्यांची संघटना मी चालवायचो, म्हणून त्यांना थांबवण्यासाठी पुण्याला ट्रंककॉल लावायला पोस्टात मीही बरोबर गेलो. कारकून म्हणाला, "आत्ता दिवसाचा दर. रात्री या, स्वस्तात होईल."

माझं डोकं फिरलं. "तार तीच, बोलणं तेच! दिवसा काय तारेला सोन्याचा मुलामा देता? शेटजींनी दिवसा बोलायचं आणि गरिबानं रात्री?"

बाबाजाननं माझी बाही ओढली. "भाऊ, गप ऱ्हावा. गाडी आली की मी बी जादा घेतोच की. टांगा एक, सवाऱ्या पन्नास. भाडं वाढलं की ज्याला घाई न्हाई तो चालत जातो, नडलेला बसतो. आज मी नडलोय."

पुढाऱ्याला सभासदानंच चीत केलं.

जादा पैसे द्यायची तयारी होती, तरी नंबर तीन तासांनी. पुढं सात व्यापारी. पहिला आसाराम, चिंचेचा व्यापारी; त्याचा कॉल मोहियोद्दीनच्याच अडतीत.

"आसारामशेट, टांग्यात दोघं बसत्यात का न्हाई?"

"बसतात की."

"मग तुमच्या कॉलात मला घ्या. निम्मं भाडं माझं."

"नियमात नाही!" कारकून ओरडला.

"मनाई तरी कुठं लिहिलीय? दाखवा," मी म्हणालो. त्याला दाखवता येईना. निम्मे पैसे वाचतात म्हणून आसारामही तयार झाला.

कॉल लागला. मिनिटं तीन. आसाराम चिंचेच्या भावाला चिकटला तो सुटेचना. दोन मिनिटं गेली, अडीच झाली.

"उतरा आता, शेट!" म्हणत बाबाजाननं रिसिव्हर हिसकावला आणि पोस्ट दणाणून सोडलं. "मोहियोद्दीनभाईला बोलवा! जामखेडला जाऊ नका म्हनावं! पोरगी व्हय म्हनली!"

आम्ही सगळे, कारकूनसुद्धा, त्याच्या तोंडाकडं बघत उभे. तेवढ्यात ते उजळलं.

"कबूल म्हनत्यात!"

आणि लाईन तुटली.

तरी तो रिसिव्हर सोडीना. मुक्या यंत्राला वाकून वाकून सलाम घालत राहिला. शेवटी कारकुनानंच त्याची बोटं हळूच सोडवली.

"मियाँ, पोचला सलाम."