दीड लाखाचं सोनं

माझ्या लग्नात वडिलांनी माइकवाल्याला दम भरला होता, "पाच तोळे म्हणू नको बे, दीड लाखाचं सोनं म्हण." पाच हा आकडा त्यांना भिकार वाटायचा. लाख म्हटलं की मांडवातल्या माना वळतात. घाटनांदूरच्या मांडवात तो आकडा पुन्हा पुन्हा पुकारला गेला आणि वडिलांची छाती फुगली.

नऊ वर्षांनी काडीमोडाची बैठक केजला, सासरच्या अंगणात बसली. नवरा मारायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर वाद झाला नाही. वाद माझ्या सोन्यावरून झाला. ते मिळालं तर मी नर्सिंगची फी भरणार होते, अंबाजोगाईत खोली घेणार होते. नाही मिळालं तर जन्मभर भावाच्या चुलीपुढे बसायचं होतं.

सासऱ्यांनी मोबाइलवर लग्नाचा व्हिडिओ लावला. माइकवाला ओरडत होता. मग त्यांनी नोटांची बंडलं माझ्या वडिलांपुढे सतरंजीवर आपटली.

"इवाई, तुमचीच जबान हाय ना? दीड लाख म्हणलात, हे घ्या दीड लाख."

मी म्हणाले, "मी पाच तोळे आणले होते. ह्या पैशात आज दीड तोळा तरी येतो का? मला सोनं द्या."

"रुपये तेवढेच हायेत की," एक पंच म्हणाला. "कमी कुठं दिले?"

"मग तुमची म्हैस द्या मला, नऊ वर्षांपूर्वीच्या भावानं!"

तेवढ्यात वडील उठले. "माज्या जबानीच्या वर जातीस?" म्हणत त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली. लेक बुडाली तरी चालेल, पुकारलेला आकडा खोटा पडता कामा नये! माझा ओठ फाटला. नवरा हसला. भावानं खुर्ची उचलून त्याच्या तोंडावर हाणली. मग काठ्या निघाल्या. फावड्याचा दांडा वडिलांच्या डोक्यात बसला आणि रक्त नोटांवर सांडलं. पंच सगळ्यात आधी पळाले.

दारात नणंद उभी होती. तिच्या हातात त्या पाच तोळ्यांतल्या माझ्या पाटल्या होत्या. मी तिचं मनगट धरून एक ओढली. पाटलीबरोबर कातडी सोलून आली. ती माझ्या दंडाला कडकडून चावली.

"वहिनी, नगं! माज्या लग्नाला ठिवल्यात. लग्न मोडंल माजं!"

त्या घरात मला चोरून भाकरी देणारी तीच एकटी होती. ती खरं बोलत होती, हे मला कळत होतं. मी दुसरीही ओढली.

वडिलांना टाके पडले. पोलिसात दोन्हीकडून तक्रारी झाल्या, मागेही घेतल्या गेल्या. ते दीड लाख कुणी उचलले, कुणास ठाऊक. पाटल्या विकून मी फी भरली.

नणंदेचं जमलेलं लग्न खरंच मोडलं. नर्सिंग शिकताना वॉर्डात आलेल्या तिच्या मावशीनं मला ते सांगितलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण पाटल्या माझ्या होत्या. त्या दिवशी माझा हात थांबला नाही, आजही थांबणार नाही.