चार नंबरचं बेरिंग

पंडित मिस्त्रींबद्दल मी लिहावं, हा तसा निर्लज्जपणाच आहे. पण दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊकही नाही.

मी माधवराव, मानवतचा निवृत्त गणिताचा मास्तर. पस्तीस वर्षं कॉपी करणाऱ्या पोरांच्या हात धुऊन मागे लागलो. मी वर्गात शिरलो की पोरं खिशातल्या चिठ्ठ्या गिळून टाकायची, असा माझा दरारा. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून एक जुना ट्रक घेतला आणि भागवत नावाचा ड्रायव्हर ठेवला. ट्रकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. बोलायला मात्र मी कुठंच कमी पडत नाही.

मिस्त्री मूळचे ताडकळसचे. मानवतला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. साठीचा, किरकोळ अंगाचा माणूस, पण शिस्त अशी की आमच्या शाळेत नसेल. उघडलेल्या इंजिनाजवळ कोणी तंबाखू मळायला लागलं की बाहेर काढायचे. चुन्याचा एक कण आत पडला तर? गिऱ्हाईक कितीही मोठं असो, हाच कायदा.

त्यांचा आणखी एक कायदा होता, परभणीच्या त्यांच्या उस्तादांकडून आलेला. इंजिन बांधताना जुनी बेरिंगं परत घालायची की नाही, हे दोन नखांनी ठरवायचं. एक नख मिस्त्रीचं, एक मालकाचं. ही बेरिंगं म्हणजे अर्ध्या बांगडीसारखी धातूची पाती, त्यांच्या कुशीत इंजिनाचा दांडा फिरतो. मिस्त्री ती डिझेलनं धुवायचे, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे आणि वर्तमानपत्रावर नंबरवार मांडायचे. मग डोळे मिटून अंगठ्याचं नख आतून आडवं फिरवायचे. नंतर मालकाची पाळी. दोघांपैकी एकाचंही नख अडकलं तर ते बेरिंग बाद.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ट्रकचं इंजिन उघडलं तेव्हा कापसाचा हंगाम ऐन भरात होता. सोमवारी सकाळी गाडी दारात उभी करतो, असं मी जिनिंगच्या मालकाला चारचौघांत सांगून बसलो होतो. वर "मास्तरचा शब्द आहे" असंही म्हणालो होतो. आणि आमच्या जुन्या मॉडेलची नवी बेरिंगं परभणीत मिळेनात. हैदराबादहून मागवायची तर आठ दिवस.

"वर्सभरच चालल्याली हायेत," मिस्त्री म्हणाले. "चालतील बी. पण बघून."

पहिली तीन चांगली निघाली. चौथ्यावर मिस्त्री थांबले. पुन्हा नख फिरवलं, पुन्हा थांबले. भागवत नळावर गेलाय हे पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"गुरुजी, कुनाला सांगू नका. साखरेनं बोटं बधिर व्हायलीत माझी. हितं कायतरी लागल्यावानी वाटायलंय, पण माझाच मला भरवसा न्हाई. तुमी बघा. तुमी म्हनाल ते खरं."

मी नख फिरवलं. मध्यावर, जरासं डावीकडं, ते अडकलं. भेगाळलेलं बोट रेशमी कापडात अडकावं तसं, स्पष्ट.

"गुळगुळीत आहे," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मान हलवून बेरिंग बसवायला घेतलं. त्यांना थांबवायला माझ्याजवळ तासभर तरी होता. त्या तासात मी चहा प्यालो, वर्तमानपत्र वाचलं आणि भागवतला सोमवारी किती वाजता निघायचं ते सांगितलं.

अकराव्या दिवशी पालमकडून कापूस भरून येताना चढावर इंजिनानं आचका दिला. पिस्टनचा दांडा तुटला आणि इंजिनाचं कवच फोडून बाहेर आला. भागवतनं गाडी कशीबशी कडेला घेतली. कोणाला इजा झाली नाही, हे माझं नशीब. मी पोचेपर्यंत रस्त्यावर तेलाचं थारोळं झालं होतं आणि भोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती, त्यांत निम्मे ट्रकवाले. मिस्त्री एसटीनं आले. खाली आडवे झाले, हात घातला आणि वितळून चिकटलेलं पातं काढलं. चार नंबरचं.

ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता माझं नाव घेतील.

"मालकाचा काई दोष न्हाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझं बोट मेलंय. साखर हाय मला. म्या इंजिनाला हात लावायलाच नको हुता."

जे त्यांनी मला कानात सांगितलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं वीस माणसांसमोर सांगितलं. मी दोन पावलं मागं सरलो. उजवा हात खिशात घातला होता, तो घरी येईपर्यंत काढला नाही.

बोट मेलेल्या मिस्त्रीकडं इंजिन कोण नेणार? तीन महिन्यांत शेड बंद पडलं आणि ते ताडकळसला परतले. तिथल्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करतात, एवढं कानावर आलं. मी ट्रक विकून टाकला. बेरिंग नाहीतरी कधीतरी जाणारच होतं, असं स्वतःला समजावलं. गणिताच्या मास्तराला पळवाटा फार लवकर सुचतात. एसटी ताडकळसवरून जाऊ लागली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचो.

गेल्या महिन्यात भागवत भेटला. म्हणाला, "मिस्त्रीनं पान्ह्याची पेटी इकायला काढलीय. बाजाराच्या दिशी गिऱ्हाईक येणार हाय." उस्तादांनी त्यांना दिलेली अवजारांची पेटी होती ती.

बाजाराच्या दिवशी ताडकळसला गेलो. कडुलिंबाखाली पोतं अंथरून मिस्त्री बसले होते, पुढं पाच-सहा पंप, मागं पेटी. मला बघून ते उठलेच. "या गुरुजी, या! अगं, चहा घाल." मनकर्णाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, थर्मासातून कप भरून माझ्या हातात दिला.

तो पिण्याआधी बोलायचं असं ठरवून आलो होतो. तरी अर्धा प्यालोच.

"मिस्त्री, त्या दिवशी माझं नख अडकलं होतं. मी खोटं बोललो."

मिस्त्रींनी विचारलं, "कुठं? कडंला का मधी?"

"मधे. जरासं डावीकडं."

"डावीकडं!" त्यांनी माझा हात धरला. "मला बी तिथंच लागलं हुतं! अगदी तिथंच! अगं ऐकलंस का? बोट मेलं नव्हतं माझं. बराबर सांगत हुतं!"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माणूस हसत होता. आपल्याला लागलं तो भास आणि खरी खोट दुसरीकडंच कुठंतरी हातून निसटली, असं धरून दोन वर्षं त्यांनी स्वतःच्या हाताला खोटं मानलं होतं, माझ्या एका शब्दावरून. शिव्या दिल्या असत्या, तर मी मान खाली घालून ऐकल्या असत्या. पण ते अंगठा उन्हात धरून बघत होते. पेटी त्यांनी पायानं मागं सरकवली. "न्हाई इकायची," म्हणाले. "लय उपकार झाले गुरुजी, एवढ्या लांब सांगायला आलात."

मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला अर्धा कप काढून घेतला.

"दोन वर्सं लागली का गुरुजी, मानवतहून यायला?"

त्यांनी उरलेला चहा लिंबाच्या बुडाशी ओतला आणि कप धुऊन पालथा घातला.